देवाच्या बाटल्या

आवाज झाला तेव्हा मी देवघरात वाती वळत बसले होते. फाट्कन काहीतरी उडालं आणि पाठोपाठ कोठीच्या खोलीत पत्र्याचा तुकडा घरंगळत गेल्याचा बारीक आवाज आला. मांजर असेल म्हणून मी उठले नाही. श्रावण निम्मा सरला होता. रोजची पूजा, सवाष्णी, उपास आणि उपासाहून दमवणारं फराळाचं करणं, यात माझे पाय संध्याकाळपर्यंत लाकडाचे होत. मांजरासाठी कोण उठतो?

वहिनी मात्र उठल्या. थोड्या वेळाने कोठीतून हाक आली.

"कुमुद, बॅटरी घेऊन ये गो."

आवाजात राग नाही, घाई नाही. म्हणूनच मला ते बरं वाटलं नाही. मी वाती तशाच टाकून गेले.

द्वारकावहिनी माझ्या थोरल्या जाऊबाई. साठी ओलांडलेली, गुडघे धरलेले. थोरले भावजी जाऊन बरीच वर्षं झाली होती, माझे यजमान नोकरीपायी मुंबईला, त्यामुळे घरात आम्ही दोघीच. कोठीत खालच्या फळीवर वाळू पसरून त्यावर रसाच्या बाटल्या आडव्या निजवलेल्या असत. बॅटरीच्या उजेडात दिसलं ते असं: एका बाटलीचं झाकण उडालेलं, रस वाळूवर ओघळलेला, आणि भिंतीवर पिवळ्या फेसाचा फराटा. वास पिकल्या आंब्याचा नव्हता. ताडीला उन्हात येतो तसा.

"अगंबाई," मी म्हटलं. "एक गेली."

"एक नाही," वहिनी म्हणाल्या. त्यांनी दुसरी बाटली उचलून उजेडात धरली. गळ्याशी बारीक फेस धरला होता आणि झाकणाच्या कडेने एकेक बुडबुडा सुटत होता. तिसरीही तशीच. चौथी मात्र स्वच्छ, केशरी, नुकती भरल्यासारखी. वहिनी खाली बसल्या. गुडघे दुखत असूनही त्या जमिनीवर बसल्या, आणि एकेक बाटली हातात घेऊन बघत राहिल्या.

त्या बाटल्या देवाच्या होत्या.

आमच्या गावात नृसिंहाचं देऊळ आहे. श्रावणातल्या शेवटच्या शनिवारी तिथे समाराधना असते. त्या दिवशी देवाच्या नैवेद्याला आणि सगळ्या पंगतीला हापूसचा रस वाढायचा, हा आमच्या घराचा मान. भर पावसात आमरस! बाहेरगावचे लोक द्रोण तोंडाला लावून डोळे मिटत. वैशाखात रस काढून, आटवून, बाटल्यांत भरून, उकळून ठेवायचा आणि श्रावणात देवापुढे उघडायचा. सासूबाईंनी केलं, त्यांच्यानंतर वहिनींनी. पण त्या वर्षी देवळाच्या पंचांच्या बैठकीत भाऊ खोतांनी विषय काढला होता, की आता बाजारात हवाबंद डबे मिळतात, वहिनींना या वयात त्रास कशाला? वहिनींनी निरोप पाठवला होता, "माझे हात चालतात तोवर देवाला डबा नको." यावर भाऊ म्हणाले होते, "ठीक आहे. यंदा बघू." यंदा बघू म्हणजे काय, ते सगळ्या गावाला कळलं होतं. वहिनींना तर कळलंच होतं. त्या वर्षी आंबा कमी, अंगात ताकदही कमी, म्हणून बाटल्या उकळायचं पिंप एकच लावलं होतं. घरच्यासाठी एक बाटलीसुद्धा ठेवली नव्हती. होतं ते सगळं देवाचं.

"ह्या चांगल्या आहेत," मी म्हटलं. मी स्वच्छ दिसणाऱ्या बाटल्या एका बाजूला लावायला घेतल्या. "ह्या पुरतील वहिनी. थोडा थोडा वाढू. नाहीच पुरला तर नैवेद्यापुरता तरी—"

"एकाच पिंपातल्या ना?"

"होय, पण—"

"मग एकाच जाळावर उभ्या होत्या. काही बोलायला लागल्या, काही अजून गप्प आहेत. एवढंच."

मला ते पटेना. मी एक बाटली उघडून नाकाशी नेली. वास असा सुरेख आला की वैशाख डोळ्यांपुढे उभा राहिला. "बघा तरी! एक थेंब जिभेवर ठेवून बघते."

वहिनींनी बाटली माझ्या हातातून काढून घेतली. एरवी त्या माझ्या हातातून पोळीचं लाटणंसुद्धा ओढून घेत नसत.

"जीभ आंबट काय ते सांगेल. त्याच्या पलीकडचं नाही सांगता येत तिला. पंगतीला पोरं बसतात, पोटुशा बायका बसतात, म्हातारे बसतात. कुणाच्या पोटात काय उठेल?"

"मग पुन्हा उकळू. आज रात्रभर—"

"फाटलेलं दूध उकळून सांधतं का गो?"

वाळूत पडलेलं झाकण मी उचललं. सोड्याच्या बाटलीला असतं तसं, कडा मुरडलेलं. ही झाकणं दाबायचं एक हातयंत्र आमच्याकडे होतं, आणि बाटल्या म्हणाल तर, देव क्षमा करो, बिअरच्या. जाड काचेच्या, उकळ सोसणाऱ्या. राजापूरच्या भंगारवाल्याकडून आणायच्या, राखेने घासायच्या, सोड्याने धुवायच्या, उकळायच्या आणि मग त्यात देवाचा रस. भाऊ खोत दर वर्षी तोच विनोद करत, "वहिनी, एवढ्या बाटल्या तुमच्या कोठीत, आणि गावात नाव मात्र माझं!"

"उकळ कमी पडली," वहिनी म्हणाल्या.

"कशी पडेल? तुम्ही तर पिंपाजवळून हलला नव्हतात."

"हात चुकला माझा."

वहिनींचा हात चुकत नसे. मिठाचा नाही, पाकाचा नाही. मी पुढे विचारलं नाही, कारण त्यांनी तोंड भिंतीकडे केलं होतं.

दुसऱ्या दिवशी परसात, पोफळींच्या पलीकडे, शेवंतीने खड्डा खणला. शेवंती आमच्याकडे कामाला येई, आणि बोलण्यात ती कुणाला हार जात नसे. आम्ही दोघी बाटलीवर फडकं धरून, तोंड फिरवून झाकण काढत होतो आणि वहिनी ती खड्ड्यात ओतत होत्या. काहींतून सुं करून हवा निघे. काहींतून काहीच नाही, नुसता केशरी रस गळगळ ओतला जाई, आणि तो बघवत नसे.

"वैनी, येवडं सोनं मातीत घालताव?" शेवंती म्हणाली. "ही बगा, ही चांगली हाय. दोन बाटल्या मला द्या. मी काय मरत नाय."

"तू मेलीस तर माझे पाय कोण चेपेल?"

"मग ती म्हैस येल रातीला वास काढत. प्याली तर देवळात जाऊन नाचल."

"म्हणून तर वर चुना आणि माती घालायची. दडपून घाल."

शेवंती हसली. वहिनीही थोड्या हसल्या. मग शेवटची बाटली ओतताना त्यांनी ती जरा जास्त वेळ उपडी धरली, शेवटचा थेंब पडेपर्यंत. मी बघितलं न बघितल्यासारखं केलं. घरी येऊन मी हात कोपरापर्यंत धुतले तरी तो वास जाईना.

भाऊ खोत तिसऱ्या प्रहरी आले. छत्री पडवीत टेकवून ठेवली, पाय पुसले. भाऊ तसे वाईट नव्हते. देवळाचं छप्पर त्यांनी स्वतः उभं राहून शाकारून घेतलं होतं. पण त्यांना सगळं वेळेवर आणि बिनभानगडीचं हवं असे.

"वहिनी, शेवंती काय सांगत फिरतेय? खड्डा केलात म्हणे?"

"केला."

"सगळा रस?"

"सगळा."

भाऊंनी माझ्याकडे बघितलं. मी चहा ठेवायला उठले. चुलीपाशी सगळं ऐकू येत होतं.

"तरी मी म्हणत होतो," भाऊ म्हणाले. "टोमणा नाही मारत हो. पण तुमच्या हातून असं कधी झालं नव्हतं. झालं काय?"

"उकळ कमी पडली."

"कमी कशी पडली?"

"वय झालं, भाऊ. जाळ लवकर ओढला असेन. हात चुकला."

"असेन म्हणजे? तुम्हाला आठवत नाही?"

"नाही बाई. दमले होते."

चहाचं भांडं माझ्या हातात तसंच राहिलं. वहिनींना काय शिजवलं, कधी शिजवलं, किती जाळावर शिजवलं, हे माझ्या लग्नातल्या जेवणापासूनचं आठवे.

"बरं, ठीक," भाऊ म्हणाले. "डबे मागवतो रत्नागिरीहून. आणि आता दर वर्षी डबेच, वहिनी. राग मानू नका. उद्या एखादं पोर आजारी पडलं तर गाव मला धरेल."

"बरोबर आहे तुमचं."

"खरंच म्हणताय?"

"डब्यांची तारीख तेवढी बघून घ्या. आणि पोचा पडलेला, फुगलेला डबा घेऊ नका. उघडल्यावर फस्स झालं तर तो फेकून द्या, कितीही महाग असला तरी."

मी चहा आणून ठेवला. भाऊंनी बशीत ओतून घेतला, फुंकर मारली, आणि मग अगदी सहज बोलावं तसं म्हणाले, "दिगंबरबुवांच्या कीर्तनाचंही आता बघायला हवं. वैशाखात जरा आटोपतं घेतलंनी त्यांनी. मला तर काही वेगळंच वाटलं. देवरुखचे एक तरुण बुवा आहेत, आवाज काय खणखणीत! यंदाच्या शनिवारी या बुवांचं ऐकू आणि मग पुढच्या वैशाखातल्या नवरात्राचं ठरवू."

"बुवांना काय झालंय?" वहिनी म्हणाल्या. आवाज जरा चढला होता. "ऊन होतं वैशाखात. घशाला कोरड पडते माणसाच्या."

"असेल. असेल," भाऊ म्हणाले आणि छत्री घेऊन गेले.

भाऊ फाटकाबाहेर पडले आणि मला वैशाखातला तो दिवस लख्ख आठवला.

आमच्या घरात रस कधी घड्याळ लावून उकळला गेला नाही. घर देवळाच्या कुंपणाला लागून. वैशाखात नृसिंहाचं नवरात्र, ऊन कलल्यावर कीर्तन, आणि त्याच दिवसांत आंबा. सासूबाईंनी रीत घालून दिली होती. परसात पिंप मांडायचं, तळाशी गोणपाट, त्यावर बाटल्या उभ्या, वर बाटल्या बुडतील एवढं पाणी. देवळातून बुवांचं नमन ऐकू आलं की खाली जाळ वाढवायचा. पुढे पूर्वरंग चालतो. बुवा एक अभंग घेऊन तो उलगडतात, एकेक चरण, जसा तेल लावलेल्या हाताने फणस फोडावा आणि एकेक गरा अलगद काढून समोर ठेवावा. पूर्वरंग संपतो, नामघोष होतो, बुवांना हार घालतात, बुक्का लावतात. मग गोष्ट सुरू होते. तर हार घातला की जाळ ओढायचा. नमनापासून हारापर्यंत पिंपाला पुरेपूर उकळ बसे, वर थोडी जास्तच. दिगंबरबुवा माझ्या लग्नाच्या आधीपासून गावात येत होते, आणि माइक बंद पडो की समोर चार माणसं असोत, त्यांच्या पूर्वरंगातला एक चरण कधी कमी झाला नाही.

त्या दिवशी मी देवळात होते. मी कीर्तन चुकवत नाही, अजूनही नाही. बुवांनी पहिला चरण मांडला. असा मांडला की मागे बसलेल्या शेवंतीनेसुद्धा पदर डोळ्यांना लावला. मग दुसरा चरण म्हणायला त्यांनी चिपळ्या उचलल्या, आणि हात तसाच वर राहिला. पेटीवाला सूर धरून होता. बुवांनी तबलजीकडे बघितलं. तबलजी हसला, त्याला वाटलं वाहवा हवी आहे. मग बुवांनी एकदम नामघोष धरला. आम्ही सगळ्यांनी टाळ्या धरल्या. भाऊ खोत हार घेऊन तयारच होते. त्यांनी उठून हार घातला.

मला वाटलं होतं, बुवांना ऊन लागलं.

मी कोठीत गेले. वहिनी रिकामी फळी झाडत होत्या.

"हार लवकर पडला होता त्या दिवशी," मी म्हटलं.

वहिनींनी केरसुणी थांबवली नाही.

"तुम्हाला कळलं नव्हतं?"

"कळलं होतं," त्या म्हणाल्या. "म्हणजे वाटलं होतं. पाण्याने नुकता कढ धरला होता आणि नामघोष ऐकू आला. म्हटलं, मीच दमलेय, म्हणून वेळ सरल्याचं ध्यानात येईना. सकाळपासून आंबे पिळत होते. बुवांचा शब्द देवळातून आला आणि मी उठून घड्याळ बघायला जाऊ?"

"मग भाऊंना हे का नाही सांगितलंत? तुमची काही चूक नाही. हार तर त्यांनीच घातला!"

"आणि भाऊ विचारणार, बुवा का थांबले?"

मी त्यांच्या हातातली केरसुणी घेतली.

"म्हणजे माझा रस वाचवायला मी काय सांगायचं?" वहिनी म्हणाल्या. "की बुवा अभंग विसरले? ते म्हटलं की संपलं, कुमुद. मग देवरुखचा बुवा येईल. येऊ दे, तोही देवाचंच गाईल. पण दिगंबरबुवा कुठे जातील? बायको नाही, पोर नाही. देवळादेवळातून फिरतात. एका गावाने म्हटलं की पुढचं गाव म्हणतंच."

"आणि तुमचा मान?"

"माझं काय, मला डोकं आहे जाग्यावर," वहिनी म्हणाल्या, आणि मग फळीवरची वाळू घमेल्यात भरून बाहेर टाकायला गेल्या. त्यांना परत यायला बराच वेळ लागला.

बुवा शुक्रवारी आले. मुक्काम नेहमी आमच्याकडेच. धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं, पिशवीत वीणा गुंडाळलेली. बसल्या बसल्या चहा घेतला, प्रवासातल्या गमती सांगितल्या, कंडक्टरने म्हणे वीणेचं अर्धं तिकीट मागितलं. मी खूप हसले. माझ्या मनावरचं ओझं उतरलं. हा माणूस तर चांगला टवटवीत आहे, वैशाखात ऊनच लागलं असणार.

वहिनी पडवीत सूप घेऊन तांदूळ निवडायला बसल्या.

"बुवा, उद्या पूर्वरंगाला काय?"

बुवांनी अभंग सांगितला. वैशाखातलाच.

"मला म्हणून दाखवा," वहिनी म्हणाल्या. "देवळात त्या लाउडस्पीकरच्या घरघरीत मला शब्द लागत नाहीत."

"आत्ता?"

"तुम्हाला कंटाळा असेल तर राहू दे."

"देवाच्या नावाचा कसला कंटाळा," बुवा म्हणाले आणि मांडीवर ठेका धरून म्हणू लागले. आवाज थकला होता, पण आत ओल होती. पहिला चरण झाला. दुसरा सुरू करण्याआधी त्यांचा हात मांडीवरच थांबला. पागोळ्या पडत होत्या. बुवा अंगणाकडे बघत राहिले, तिथे काही लिहिलेलं असावं तसे.

वहिनींनी मान वर केली नाही. सुपातले खडे वेचत त्यांनी पुढचे दोन शब्द पुटपुटले, स्वतःशीच म्हटल्यासारखे. बुवांनी ते उचलले आणि अभंग पुढे गेला, शेवटपर्यंत.



"वैशाखात," बुवा म्हणाले.

"ऊन फार होतं," वहिनी म्हणाल्या.

बुवांनी त्यांच्याकडे बघितलं. "होय. ऊन होतं." मग म्हणाले, "पुन्हा म्हणू का?"

"म्हणा की. तांदूळ बरेच राहिलेत."

तांदूळ केव्हाच निवडून झाले होते. वहिनी तेच तेच पाखडत होत्या.

शनिवारी सकाळी अभिषेकानंतर कीर्तनाला देऊळ भरलं. बाहेर पाऊस, आत ओल्या छत्र्यांचा आणि उदबत्तीचा वास. वहिनी एरवी मागे खांबाला टेकून बसत. त्या दिवशी अगदी पुढे, बुवांसमोर, पाय एका बाजूला घेऊन बसल्या. एक म्हातारी कुजबुजली, "रस घालवलानी आणि बसल्या बघ कशा पुढे!" मी मागे वळून बघितलं, तेव्हा ती गप्प झाली.

भाऊ खोत उजव्या बाजूला. मांडीवर तबकात हार.

नमन झालं. पहिला चरण झाला. बुवांनी चिपळ्या उचलल्या, आणि त्यांचा हात वर थांबला. पेटीचा सूर लांबत गेला. मी भाऊंकडे बघितलं. त्यांनी तबक उचललं होतं. ते गुडघ्यावर हात टेकून उठू लागले होते.

वहिनींनी टाळी वाजवली आणि दुसरा चरण धरला. मोठ्याने, बेसूर. त्यांना गाता येत नाही हे सगळ्या गावाला माहीत. त्यांच्या मागून मी धरला, मग शेवंतीने, मग सगळ्या बायकांनी. दोनदा म्हटला. बुवांचा हात खाली आला, चिपळ्या वाजल्या, आणि ते हसून म्हणाले, "बघा! बुवा दमला तर आया म्हणतात. मग बुवाला कसली काळजी?" सगळं देऊळ हसलं. भाऊ पुन्हा बसले आणि तबक मांडीवर ठेवलं.

त्या दिवशी पूर्वरंग असा रंगला की नैवेद्याची वेळ टळते की काय म्हणून पुजाऱ्याची चुळबुळ सुरू झाली. भाऊंनी हार घातला तेव्हा त्यांच्या डोळ्यांतही पाणी होतं. पुढच्या नवरात्राला कुणाला बोलवायचं, याबद्दल नंतर कुणी बोललं नाही. बुवा आणखी काही वर्षं येत राहिले. वहिनी पुढेच बसत. आता दोघंही नाहीत, म्हणून मी हे सांगते आहे. एरवी मला सांगवलं नसतं.

पंगत बसली. विहिरीपाशी रिकाम्या डब्यांचा ढीग पडला होता, आणि पोरं ते एकमेकांवर रचून पाडत होती. रस पातेल्यांत ओतून ठेवलेला. चांगला गोड होता, रंगही छान, पण चव सगळीकडे सारखीच, एका डब्याची तीच दुसऱ्याची. वहिनींनी पदर खोचला आणि पातेलं उचललं.

"वहिनी, तुम्ही बसा हो," भाऊ म्हणाले. "पोरं वाढतील."

"मान गेला, भाऊ. हात आहेत अजून."

भाऊ ओशाळले. वहिनी तसं म्हणाल्या खऱ्या, पण मला दिसत होतं की वाकताना त्यांचं तोंड वेडंवाकडं होत होतं. मी पातेलं धरलं, त्या ओगराळ्याने वाढू लागल्या. पंगतीच्या सुरुवातीला बुवा बसले होते. कपाळाला बुक्का, गळ्यात अजून हार. वहिनींनी त्यांच्या द्रोणात रस घातला. बुवांनी द्रोण उचलला, सावकाश सगळा प्यायले आणि मोठ्याने म्हणाले, कीर्तनात शेवटच्या ओळीतल्याला ऐकू जावं म्हणून म्हणतात तेवढ्या मोठ्याने:

"वाहवा! वहिनी, किती वर्षं मी हा रस खातोय. तुमच्या हाताची चव ती तुमच्याच हाताची!"

समोरची एक मुलगी फिसकन हसली, तिच्या आईने तिला कोपराने ढोसलं. विहिरीकडून डब्यांचा खडखडाट आला. भाऊ तुपाचं भांडं घेऊन आमच्या मागेच उभे होते. त्यांनी बुवांकडे बघितलं, मग वहिनींकडे.

बुवा वर बघत होते, थेट वहिनींच्या डोळ्यांत. त्या नजरेत विसर होता की दुसरंच काही, हे मला तेव्हा कळलं नाही. आजही कळत नाही.

वहिनींनी ओगराळं पुन्हा पातेल्यात बुडवलं, काठोकाठ भरलं.

"मग लाजताय काय," त्या म्हणाल्या. "द्रोण पुढे करा, बुवा."